खुलासा: साखर बदलल्याने प्रोबायोटिकचा डीएनए बदलत नाही

‘माध्यमातली (जिवाणू वाढवण्याच्या द्रावणातली) साखर बदलली की प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्याला उपयोगी, जिवाणूंचा डीएनएच बदलतो’ असा दावा सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. बदलते ती जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणत्या जनुकाचा आरएनए (जनुकावरून बनणारी कामापुरती प्रत) किती बनतो ते.

लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस हा प्रोबायोटिक जिवाणू घ्या. असे जिवाणू वाढवण्याच्या नेहमीच्या ‘एमआरएस’ नावाच्या माध्यमात लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज असते. ते भरपूर असेपर्यंत सीसीपीए हे जनुकांवर नियंत्रण ठेवणारे प्रथिन लॅक्टोज (दुधातली साखर) पचवणाऱ्या जनुकांना दाबून ठेवते. ग्लुकोजऐवजी फक्त लॅक्टोज द्या, तीच जनुके जोरात चालू होतात. परत ग्लुकोज दिले की पुन्हा मंदावतात. डीएनएमधले एक अक्षरही हललेले नसते.

गोंधळ बहुधा दोन साखरांवर वाढवलेल्या जिवाणूंमधला आरएनए मोजताना होतो. एक नमुना वाढीच्या ऐन भरात घेतला आणि दुसरा रात्रभर वाढवून, आम्लता ४ पीएचच्या आसपास गेल्यावर, तर दिसणारा फरक साखरेचा की आम्लाचा हे सांगताच येत नाही. दोन्ही नमुने द्रावण सारखेच गढूळ झाल्यावर, म्हणजे जिवाणूंची दाटी सारखी असताना, काढा. जिवाणूंचा एमआरएनए (प्रथिनाची कृती वाहणारा आरएनए) काही मिनिटांतच तुटतो, म्हणून काढताक्षणी स्थिरीकारक द्रावणात टाका. पेशीभित्ती जाड असते. नुसत्या लायसोझाइमने (भित्ती तोडणाऱ्या विकराने) फुटली नाही तर बारीक काचमण्यांसोबत हलवा. डीएनेझ (डीएनए तोडणारे विकर) वापरण्याची प्रक्रिया मात्र कधीही वगळू नका: उरलेला डीएनएच पीसीआरमध्ये, म्हणजे प्रती वाढवून मोजण्याच्या चाचणीत, आरएनए म्हणून मोजला जातो.