पोत्यावरचा मधला आकडा

परवा चुलतभावानं पंचगंगेचा व्हिडिओ पाठवला. या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं केंदाळ, म्हणजे जलपर्णी. आमच्या भावकीच्या ग्रुपवर लगेच वाद पेटला. कुणी साखर कारखान्यांच्या मळीला धरलं, कुणी इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसना, कुणी कोल्हापुरातल्या जयंती नाल्याच्या सांडपाण्याला. तिन्ही खरं आहे, आणि कारवाई आधी तिथंच व्हायला हवी. पण आपल्या शेतातलं आणि बंगल्यापुढच्या लॉनमधलं खतही नदीतच उतरतं, त्याचं नाव कुणी काढलं नाही. केंदाळ पोसतं ते नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरदावर (फॉस्फरस). ते मळीतून आलं की आपल्या पोत्यातून, याच्याशी त्याला काय करायचंय?

मी राहतो त्या अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याचं बहुतेक पाणी चेसापीक उपसागराला मिळतं. शेती आणि सांडपाण्याच्या जोडीनं घरापुढची हिरवळही या उपसागराला नासवते, हे मान्य करून राज्यानं २०११ साली कायदा केला. ऑक्टोबर २०१३ पासून तो लागू झाला. माती तपासून कमतरता दिसल्याशिवाय जुन्या लॉनला स्फुरद नाही. १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत बंद. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तरीही नाही. फरसबंदीवर सांडलेले दाणे झाडून परत गवतात टाकायचे, कारण रस्त्याकडेच्या गटारातलं पाणी शुद्ध न होता थेट ओढ्याला जातं. मी झाडू घेऊन बसतो तेव्हा ओंजळभर दाणे सहज निघतात.

अंगणात येऊन तपासणारं कुणी नाही. तरी बदल झाला, कारण दुकानातलं पोतंच बदललं. नत्र, स्फुरद, पालाश या तीन आकड्यांत मधला आता बहुधा शून्य असतो. आपल्याकडं उसाला सर्रास पडणाऱ्या १०:२६:२६ या खतामध्ये तोच आकडा २६.

उसाला स्फुरद लागतं, लॉनचा नियम शेताला लावा असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं तर मला अजिबात पटत नाही. पण उसाला माती लावताना द्यायचा भरणीचा डोस उघडाच विस्कटला आणि संध्याकाळी वळीव कोसळला, तर पैसेही वाहून गेले आणि नदीही बिघडली. खत मातीआड करायला, आभाळ बघून टाकायला कुठल्या कायद्याची वाट बघायची? शहरातल्या लॉनला तर कंपोस्ट आणि कापलेलं गवत तिथंच पसरलं तरी पुष्कळ होतं.

भावानं काल मातीचा नमुना काढला. अहवाल आला की यंदाच्या पोत्यांचा हिशेब आम्ही फोनवर बसून करणार आहोत.