आधी चुना, मग यादी

दापोली-गुहागरकडच्या जुन्या चिरेबंदी घरांवरून वाद झडतो : वारसायादीत घालून ती राखायची, की मालकाला पाडून होमस्टे बांधू द्यायचा? यादीवाले हमखास इंग्लंडचा दाखला देतात. इथे ब्रायटनच्या किनाऱ्यावरून पाहता तो दाखला अर्धाच आहे.

कायदा कडक आहे, खरे. यादीतल्या इमारतीत परवानगीवाचून फेरफार हा फौजदारी गुन्हा. पण खर्च बहुतेक मालकाच्याच खिशातून, आणि दुरुस्तीवर 20 टक्के व्हॅट. नवे घर बांधा, तर शून्य! 1866 चा वेस्ट पिअर, म्हणजे ब्रायटनचा समुद्रात गेलेला सहलीचा धक्का, यादीच्या वरच्या श्रेणीत असूनही 1975 पासून बंद पडला, 2003 मध्ये जळाला. यादीने त्याला एक खांबही दिला नाही.

कोकणातल्या घरांचा घात बऱ्याचदा सिमेंट करते. इथल्या चिऱ्यांचा जांभा दगड सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो, मग हळूहळू सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा चढला की ओल कोंडते, क्षार गिलाव्यामागे साचून फुगतात आणि चिऱ्याची पूड होते. बाहेरून सगळे ठणठणीत; ठोकून पाहिले की पोकळ वाजते. दिवाळीनंतर तो गिलावा उतरवावा, भिंत महिना-दोन महिने वाळू द्यावी. मग दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, इंचभर खरवडून, भिजवून, 1 भाग मुरवलेला चुना आणि 3 भाग धुतलेली नदीची रेती यांनी भराव्यात. पुळणीवरची वाळू नकोच, तिच्यात मीठ. आठवडाभर ओली पोती टांगावीत. मे अखेरीस काम काढले, तर कच्चा चुना पहिल्याच सरीत वाहून जातो.

छपराचेही तेच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडे कौले उडाली, जागी पत्रे आले. घाईत दुसरे काय करणार? पण खाऱ्या हवेत पत्र्याचे हूक गंजतात, पुढच्या वादळात अख्खा पत्रा सुटतो. मंगलोरी कौलांच्या पागोळीकडच्या दोन-तीन ओळी तांब्याच्या तारेने रिपांना, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना, बांधल्या, तर बरेच निभावते. फुटले तर तेवढेच कौल बदलायचे.

आणि घराच्या असेसमेंटवर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, डझनभर वारसांची नावे, त्यातली निम्मी मुंबईत किंवा आमच्यासारखी परदेशात. सही कोण करणार? सरकारकडे मागायचेच असेल, तर एका वारसाच्या अर्जावर, चुन्याच्या कामापुरते अनुदान आणि ते काम शिकवलेले चार गवंडी दर तालुक्याला मागावेत.