बँका घाबरतात, पण कधी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. "संकटात बँका हात आखडता घेतात" असं मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: ठेवीदारांचा पैसा ही मॅनेजरच्या बापाची इस्टेट नव्हे, मंदीत वाटत सुटलं की एनपीएचा, म्हणजे थकलेल्या कर्जांचा, डोंगर होतो, २००८ नंतर तेच झालं. वर मी "फॅक्टरीवाल्यांचा वकील". वकील नाही हो भाऊ. २९ वर्षं बँकेतच होतो, त्यातली ११ कर्ज विभागात.

ठेवीदारांचा मुद्दा मान्य. पण २००८चा दाखला तुमच्यावरच उलटतो. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या अमेरिकी बँकेनं दिवाळं काढलं. पुढच्या काही महिन्यांत रिझर्व्ह बँकेनं सीआरआर (ठेवींतला जो हिस्सा बँकांना तिच्याकडे ठेवावाच लागतो तो) ९ वरून ५ टक्क्यांवर आणला. परदेशी बँका मागे सरकल्या, सरकारी बँका देत राहिल्या. मार्च २०१८ मध्ये एनपीए एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांवर गेला, खरंय. पण रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी संसदीय समितीला कळवलं होतं, की यातली बरीच कर्जं २००६ ते २००८ या काळातली. म्हणजे ऐन तेजीतली! तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्ट नुसते चाळून सह्या व्हायच्या. मीही केल्यात.

संकटात तोंडावर "नाही" कुणी म्हणत नाही. स्टॉक स्टेटमेंट (मालसाठ्याचा हिशेब) पुन्हा मागतात, मार्जिन (मालात धंदेवाल्याचा स्वतःचा वाटा) वाढवून डीपी (खात्यातून किती उचलता येईल ती मर्यादा) कमी करतात, फाईल झोनल ऑफिसला जाते आणि तिथंच मुक्काम ठोकते. दिलेलं कर्ज बुडालं तर खुलासा द्यावा लागतो. न दिलेल्याचा जाब कोण विचारतो? १५ एप्रिल २०२० रोजी, ऐन लॉकडाऊनमध्ये, बँकांचे ६.९ लाख कोटी रुपये रिव्हर्स रेपोत, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडेच, ४ टक्क्यांनी पडून होते.

त्याच महिन्यात नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या माझ्या एका ओळखीच्यानं पगारापुरते पाच लाख जादा मागितले. लेथवरचे सुटे भाग करतो, सीसीची (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) बाकी ४० लाख, व्याज एकदाही थकलेलं नाही. "वर विचारून सांगतो," असं उत्तर मिळालं. जूनमध्ये त्याच शाखेतून फोन: "सरकारी हमीच्या योजनेत बाकीच्या २० टक्के, आठ लाख बसतात. सहीला कधी येता?" खातं तेच, मशिनं तीच, मॅनेजरसाहेबही तेच. फक्त आता बुडालं तर शंभर टक्के सरकार भरणार होतं.

तोवर त्यानं सक्करदऱ्याच्या मेव्हण्याकडून पैसे आणून पगार केले होते. महिना शेकडा दोन रुपयांनी, मेव्हणा असून.