कागद दाखवा, मावशी

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत येत्या रविवारी ठराव येतोय. घरकामाच्या बायका, वॉचमन, भाडेकरू, सगळ्यांनी आधार आणि जन्मदाखला कमिटीकडे जमा करायचा. नाही तर गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही. कारण काय, तर ‘बांगलादेशी घुसलेत’. धाकट्या भावानं ठराव मला इथे अमेरिकेत पाठवला आणि खाली लिहिलं, “ताई, अमेरिका बघ, कशी धरून धरून विमानात बसवते. आपल्याकडे धमकच नाही.”

या ‘अमेरिका बघा’वाल्यांनी माझं डोकं उठवलंय. सिग्नल पाळायला, कचरा उचलायला कधी अमेरिका बघितली नाही, बघितली ती नेमकी यासाठी. 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात बेड्या घातलेले जे 104 जण होते, ते आपलेच. तेवढं बघायचं राहून गेलं.

बरं, बघायचीच तर नीट बघा ना. परदेशी माणसाला देशाबाहेर काढणं हे इथे अमेरिकेत केंद्राचं काम. ॲरिझोना राज्यानं 2010 मध्ये बेकायदा राहणाऱ्यांविरुद्ध स्वतःचा कायदा करून पाहिला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वादातल्या चारपैकी तीन तरतुदी उडवल्या. (चौथी टिकली. अडवलेल्या माणसाबद्दल संशय आला तर पोलिसानं त्याचं स्टेटस, म्हणजे देशात राहायची परवानगी आहे की नाही ते, तपासायचं, अशी. भावाशी भांडताना ती मी गाळते.) ॲरिझोनातलाच एक शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, जो अर्पायो. चेहरे बघून गाड्या अडवू नकोस असं कोर्टानं बजावलं, हा बधला नाही, 2017 मध्ये अवमानासाठी दोषी ठरला आणि महिन्याभरात ट्रम्प यांनी माफ करून टाकलं. माझी मावसबहीण एडिसनला असते. न्यू जर्सीच्या पोलिसांना निव्वळ स्टेटसच्या संशयावरून कुणाला अडवता येत नाही, 2018 पासूनचा तसा आदेशच आहे. मी टेक्सासात, प्लेनोला. आमच्याकडे 2017 च्या कायद्यानं अडवलेल्या माणसाला पोलीस खुशाल विचारू शकतो. “इकडे ये राहायला,” बहीण म्हणते. तिकडचा बर्फ आणि घरांचे भाव ऐकले की मी इथेच बरी.

पण निदान पोलीस विचारतो. सोसायटीचा सेक्रेटरी कोण लागून गेला? जुलै 2025 मध्ये पुण्यातच, चंदननगरला, मध्यरात्री जमाव एका घरात शिरला आणि नागरिकत्वाचे पुरावे मागू लागला. घर कुणाचं, तर कारगिलला लढलेल्या निवृत्त सैनिकाच्या कुटुंबाचं. त्याच्या आदल्याच महिन्यात मुंबईत पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले, आणि ते भारतीयच निघाल्यावर परत आणावे लागले. कागद नंतर. आधी बोली ऐकली जाते, नाव ऐकलं जातं. रविवार पेठेत सोन्याचं बारीक काम करतात ते कारागीर बहुतेक बंगालीच. माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या त्यांच्याच हातच्या. तेव्हा दाखला कुणी मागितला नव्हता, घडणावळ कमी करा म्हणून आईनं तासभर घासाघीस केली होती तेवढीच.

आणि जन्मदाखला! माझ्या स्वतःच्या दाखल्यावर नावच नाही. ‘स्त्री’ एवढंच, कारण बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर कुणी फिरकलं नाही. ग्रीन कार्डाच्या फायलीसाठी मावशी आणि आत्या, दोघी नोटरीकडे जाऊन ‘ही मुलगी आमच्यासमोर जन्मली’ असं लिहून देऊन आल्या. त्यात मावशी तेव्हा मिरजेत होती, ते सोडा. आईकडे पोळ्या करणाऱ्या मावशी बहात्तरच्या दुष्काळात आईच्या कडेवर बसून पुण्यात आल्या. त्यांच्या जन्माचं प्रतिज्ञापत्र कोण करणार? शिवाय आधार हा नागरिकत्वाचा पुरावाच नाही, कायद्यातच तसं म्हटलंय. मग कमिटी ते जमा करून करणार काय, लोणचं?

हे सगळं मी भावाला तावातावानं लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीत आलं: “तूच तर सांगितलं होतंस, कागद नीट असले की तिथले पोलीस हातसुद्धा लावत नाहीत.”

सांगितलं होतं खरं. मागच्या गणपतीत, इथल्या मंडळात, आणि मग फोनवर त्यालाही. स्पीडिंगसाठी मला थांबवलं, पोलिसानं लायसन्स आणि इन्शुरन्स मागितला आणि मी अख्खी फाईल काढून त्याच्या हातात दिली. पासपोर्ट, आय-797 म्हणजे मंजुरीचं पत्र, आय-94 म्हणजे देशात आल्याच्या नोंदीची प्रिंट. वर न विचारता म्हटलं, “आय ॲम लीगल.” तो हसला, फाईल न उघडताच परत दिली. तिकीटसुद्धा दिलं नाही! यावर मोदक खाता खाता सगळे खूप हसले होते.

माझ्या पुढे, त्याच रस्त्याच्या कडेला, गवत कापणाऱ्यांचा एक ट्रक उभा होता. दुसऱ्या पोलिसानं थांबवलेला. दोन माणसं कर्बवर बसलेली, बुटांना गवत चिकटलेलं, हात गुडघ्यांवर, तळवे वर. त्यातल्या तरुणानं माझं ‘लीगल’ ऐकलं असावं; त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काच वर केली. लायसन्सवर ‘लिमिटेड टर्म’ छापलेली, व्हिसा संपेल त्या दिवशी संपणारी मी, आणि मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. ते दोघं नाहीत, ते मी नाही, असं. गोष्ट सांगताना ट्रक मी पहिल्यापासूनच गाळला.

काल रात्री ट्रकासकट सगळं भावाला लिहून पाठवलं. निळ्या टिका आल्यात. पुण्यात आता सकाळचे साडेसात वाजले असतील, पोळ्यांच्या मावशी गेटवर पोचल्या असतील.