वाफ्यांमागची भिंत

येरवड्यातल्या आमच्या वस्तीच्या मागे महापालिकेचा एक मोकळा भूखंड आहे. त्यावर आरक्षण आहे, पण ते कागदावरून जमिनीवर उतरलेले नाही, आणि मधल्या काळात आसपासच्या बांधकामांचा राडारोडा तिथे येऊन पडत राहिला. वस्तीतल्या काही बायकांनी त्या राडारोड्यावरच वाफे उभे केले. त्यांतल्या बऱ्याच जणी कचरावेचक आहेत, त्यामुळे ओल्या कचऱ्याचे खत कसे होते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. खाली रसवंतीगृहातून आणलेली उसाची चिपाडे, त्यावर पालापाचोळा आणि खत, आणि अगदी वर मातीचा पातळ थर अशी ही शेती आहे; तिच्यात मेथी, शेपू, पालक आणि लाल माठ निघतो. भूखंडाच्या रस्त्याकडच्या अंगाला लांबलचक भिंत आहे. ती आम्ही फुकट रंगवून देतो, असे चित्रकला शिकणाऱ्या काही मुलांनी सुचवल्यापासून आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघेनासा झाला आहे.

पहिली हरकत अण्णांची होती. अण्णांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली असल्यामुळे कोणतीही गोष्ट फुकट मिळते म्हटले की त्यांना संशय येतो. "जानेवारी २०२३ मध्ये जी-२० ची बैठक पुण्यात भरली, तेव्हा पाहुण्यांच्या वाटेवरच्या भिंती कशा झटपट रंगल्या ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे," ते म्हणाले. "भिंत रंगते ती रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी. भिंतीमागे राहणाऱ्याला त्या रंगाचा काय उपयोग? मुंबईत असल्फाच्या टेकडीवरची घरे रंगवली, ती मेट्रोच्या खिडकीतून फार सुंदर दिसतात. पण खिडकीतून दिसणे ही त्या घरांची गरज होती का, हे मला कोणीतरी सांगा."

मास्तरांना हे पटले नाही. रंगामुळे त्या टेकडीकडे लोकांचे लक्ष तरी गेले, आणि लक्ष जाणे ही लहान गोष्ट नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहराचे उदाहरण काढले. तिथल्या बॅरिओ लोगान या मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांच्या वस्तीवरून आधी महामार्ग गेला आणि १९६९ मध्ये कोरोनाडोचा पूल खुला झाला. पुलाखालच्या जागेत बाग देण्याचे आश्वासन असताना तिथे महामार्ग पोलिसांचे ठाणे बांधायला बुलडोझर आले, तेव्हा २२ एप्रिल १९७० रोजी लोकांनी ती जागा ताब्यात घेतली आणि कुदळ-फावडी घेऊन तिथे निवडुंग आणि झाडे लावली. पुढे त्या पुलाच्या खांबांवर जी भित्तिचित्रे झाली, ती आज तिथे झालेल्या चिकानो पार्क या बागेची ओळख आहेत, आणि त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जाही मिळाला आहे. "त्या खांबांना आता कोण हात लावील?" मास्तरांनी विचारले.

अण्णांकडे यावर उत्तर तयार होते, आणि तेही अमेरिकेतलेच होते. (आमच्या कट्ट्यावर बसून येरवड्याच्या भाजीचा वाद कॅलिफोर्नियात नेणे कोणालाही वावगे वाटत नाही.) लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात १९९२ च्या दंगलीनंतर चौदा एकर पडीक जागेवर सुमारे साडेतीनशे कुटुंबे भाजीपाला पिकवू लागली होती. ती शेती दहा वर्षांहून अधिक काळ चालली, तिला नामवंत नटनट्यांचा पाठिंबा मिळाला, वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी तिथे पोहोचली. पण शहराने २००३ मध्येच ती जमीन जुन्या मालकाला परत विकलेली होती, आणि १३ जून २००६ रोजी पोलीस बंदोबस्तात ती शेती मोडण्यात आली. "लक्ष वेधले गेले नव्हते असे तुम्ही म्हणू शकणार नाही, मास्तर. सगळ्या जगाचे लक्ष होते. सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर होता."

माझ्या मते या दोन्ही गोष्टींचा अर्थ दोघेही आपापल्या सोयीने लावत होते. सॅन दिएगोत चित्रांनी जमीन वाचवली नाही. जमीन माणसांनी आणि त्यांच्या फावड्यांनी वाचवली; चित्रांचे काम सुरू झाले ते १९७३ मध्ये, म्हणजे जागा हाती आल्यानंतर. मात्र मिळालेली जागा पुन्हा कोणी बळकावू नये, या कामी चित्रे निश्चित उपयोगी पडली. आपल्याकडच्या बायकांनी फावड्याचे काम आधीच केलेले आहे, त्यामुळे भिंत रंगवावी की नाही यापेक्षा त्या भिंतीने कोणते काम करावे, हे ठरवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मुलांनी आणलेल्या कच्च्या आराखड्यात उगवता सूर्य, दोन मोठे हात आणि त्यांतून फुटणारे रोप होते. चित्र वाईट नव्हते, पण ते कोणत्याही शहरातल्या कोणत्याही भिंतीवर चालले असते. त्यात मेथी नव्हती आणि मेथी लावणारी बाईही नव्हती.

याच वेळी ताई खताचे पोते ठेवून चहाला थांबल्या. वाफ्यांची निम्मी जबाबदारी त्यांच्याकडे आहे, त्यामुळे त्या बोलू लागल्यावर अण्णासुद्धा गप्प बसले. "सूर्य काढा, नाहीतर चंद्र काढा," त्या म्हणाल्या. "आमच्या दोनच अडचणी आहेत. रात्री टेम्पो येतो आणि राडारोडा टाकून जातो, कारण त्याला ही जागा बेवारस वाटते. आणि सकाळी भाजी तयार असते, पण पलीकडच्या सोसायटीतल्या लोकांना ती इथे मिळते हेच माहीत नसते. मेथी महिन्याभरात काढायला येते, आणि तयार झालेली मेथी थांबत नाही. भिंतीने एवढे सांगितले तरी खूप झाले."

पेंटर आतापर्यंत ऐकत होता. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचे तरुणपण गेले, आणि फ्लेक्स आल्यावर ते काम जवळजवळ संपले. ताईंच्या बोलण्यातून त्याला वाट सापडली. भिंतीचा मधला भाग शाळेतल्या फळ्यासारखा काळा ठेवावा, त्यावर ताईंनी रोज खडूने भाजी आणि जुडीचा भाव लिहावा, आणि दोन्ही बाजूंना वाफ्यात काम करणाऱ्या बायका, त्यांची संमती घेऊन, ओळखू येतील अशा काढाव्यात, असे त्याने सुचवले. टेम्पोवाल्याने पाहिले तर त्याला जागा कोणाची आहे हे न वाचताही कळावे, एवढ्या मोठ्या आकृत्या त्याला हव्या होत्या.

पण त्याचा खरा आग्रह वेगळाच होता, आणि सगळ्या चर्चेत मला तोच सर्वांत मोलाचा वाटला. त्या भिंतीवर जाहिरातींचे कित्येक वर्षांचे जुने ऑइलपेंट आहे. घरगुती रंगांतले शिसे दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसे असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. नवा रंग धरावा म्हणून मुले आधी भिंत घासणार, आणि कोरडी घासली तर तो भुगा सरळ पालकाच्या पानांवर आणि मातीत बसणार. शिसे मातीतून आपोआप नाहीसे होत नाही, आणि ते सर्वांत जास्त बाधते लहान मुलांना. म्हणून भिंत कोरडी घासायची नाही, निघालेले पापुद्रे ओले करूनच खरवडायचे, वाफ्यांवर ताडपत्री टाकायची, पडलेला भुगा खताच्या खड्ड्यापासून दूर ठेवायचा, आणि भिंतीला चिकटून असलेले वाफे हातभर पुढे सरकवायचे, अशी त्याची यादी होती. शिवाय खालच्या दोन फुटांत ओल चढते आणि तिथे कोणताही रंग टिकत नाही, म्हणून तो पट्टा नुसता चुन्याचा ठेवावा, असेही त्याने सांगितले.

"एवढी काळजी घ्यायची तर रंगवायचेच कशाला?" मास्तर थोडे नाराज झाले. त्यावर ताईंनी शांतपणे विचारले, की ही भाजी त्यांच्या घरी गेली असती तर त्यांनी हाच प्रश्न विचारला असता का. मास्तरांनी विषय बदलला आणि कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या गटाविषयी, दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागवण्याच्या त्यांच्या विचाराविषयी बराच वेळ सांगितले. ते सगळे खरे होते आणि ऐकण्यासारखेही होते. पण दाभोलकरांच्या शेतकऱ्याकडे स्वतःचे दहा गुंठे होते, हे अण्णांनी लगेच लक्षात आणून दिले.

शेवटी प्रश्न परवानगीवर आला. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५ चा आहे, आणि परवानगीशिवाय रंगवलेली भिंत उद्या त्याच कायद्याखाली पुसली जाऊ शकते, असे अण्णांनी बजावले. भिंत सुशोभीकरणाच्या कामात घालून घ्या, म्हणजे रंगाचा खर्चही निघेल, असे मास्तरांनी सुचवले. पण त्याला अण्णा आणि ताई दोघांनीही नकार दिला. सुशोभीकरणाचे काम निविदेने ठेकेदाराकडे जाते, आणि पुढच्या वर्षी त्याच ठेकेदाराने बायकांच्या चेहऱ्यांवर मोर काढला तर त्याला अडवण्याचा अधिकार कोणाकडेच राहणार नाही.

अण्णांनी तिथेच क्षेत्रीय कार्यालयाला द्यायच्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतला: आरक्षणाचे काम सुरू होईपर्यंत भाजीपाला लागवडीसाठी जागेचा तात्पुरता वापर ही पहिली मागणी, आणि भिंत ही दुसरी. ताईंनी वाचून घेतले आणि मध्ये पाण्याचा नळ घालायला लावला, कारण सध्या पाणी वस्तीतल्या नळावरून हंड्याने न्यावे लागते आणि उन्हाळ्यात वाफे त्यामुळेच जळतात. भिंत तिसऱ्या क्रमांकावर गेली. पेंटरने त्याला हरकत घेतली नाही. पावसाळ्यानंतर भिंत वाळायला तसेही दसरा उजाडतो, तोपर्यंत मुलांनी वाफ्यांवर येऊन बायकांची रेखाटने करावीत, एवढेच त्याने मला कळवायला सांगितले.