मलेशियाचा राजा जनता निवडत नाही, आत्या

'जगातला एकमेव देश, जिथे राजा निवडून येतो!' अशा मथळ्याचा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. वर मुकुट, खाली हात जोडलेले. मी वाचला आणि सोडून दिला होता. अशा मेसेजना उत्तर देत बसलं तर माणसाला दुसरं कामच उरणार नाही. पण परवा जुळे सोलापुरातून आत्याचा फोन आला. "ह्या खेपेला मी काय मताला जायची नाही बघ. त्या मलेशियावाल्यांचं बरंय, एकदाच चांगला राजा निवडायचा आन् सुटायचं." पाऊस असो, ऊन असो, बूथ उघडायच्या आधी रांगेत उभी राहणारी ही बाई. त्यात भाच्यानं हाच मेसेज स्पर्धा परीक्षेच्या वहीत 'इतर देशांच्या घटना' या मथळ्याखाली लाल शाईनं उतरवून घेतलेला. मग म्हटलं, बसूच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मलेशियात दर पाच वर्षांनी जनता मतदान करून राजा निवडते. सामान्य घरातला माणूसही राजा होऊ शकतो. राजा पगार घेत नाही. २०१९ मध्ये जनतेनं एका राजाला खाली खेचलं. राजा सगळ्यांच्या वर असल्यामुळे तिथं भ्रष्टाचाराला जागा नाही. ही पद्धत चोल राजांनी तिकडे नेली. म्हणून आपणही निवडणुकांवरचा खर्च वाचवून एकदाच राजा निवडावा. शेवटी अर्थातच, 'खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा'.

'एकमेव' हा शब्द आधीच बाद. व्हॅटिकनचा पोप हाही त्या राज्याचा सत्ताधीशच, त्याला कार्डिनल निवडतात. कंबोडियात राजा मेला किंवा पायउतार झाला की गादीसाठीची परिषद राजघराण्यातून नवा निवडते. २००४ मध्ये नोरोदोम सिहामोनी असेच आले. आणि जुना दाखला हवा असेल तर पोलंडचा घ्या. १५७३ मध्ये तिथल्या सरदारांनी मोठ्या थाटात फ्रान्सचा राजपुत्र हेन्री निवडून आणला. पुढच्याच वर्षी फ्रान्सची गादी रिकामी झाली आणि हा गडी निवडून आलेलं राज्य सोडून पळाला. निवडून आलेला राजा म्हणजे चांगलाच राजा, असं मानणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आता 'जनता मतदान करते' हे बघू. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकीचं सगळं याच खोटावर उभं आहे.

मलेशियाची संघराज्याची घटना कुणालाही वाचता येते. तिचं कलम ३२ आणि तिसरं परिशिष्ट एवढं वाचलं तरी पुरे. राष्ट्रप्रमुखाला तिथं 'यांग दि-पर्तुआन अगोंग' म्हणतात. त्याची निवड 'मजलिस राजा-राजा', म्हणजे राजांची परिषद करते. या निवडीत मत फक्त नऊ माणसांना आहे: जोहोर, केदाह, केलंतान, नेगरी सेंबिलान, पहांग, पेराक, पर्लिस, सेलांगोर आणि तेरेंगानू या नऊ राज्यांचे वंशपरंपरागत राजे. देशात राज्यं तेरा आहेत. पेनांग, मलाक्का, साबा आणि सारावाक इथं राजे नाहीत, राज्यपाल आहेत, आणि राजाच्या निवडीत त्या राज्यपालांनासुद्धा मत नाही. मग पेनांगच्या रिक्षावाल्याला कुठून असणार? मतदान गुप्त असतं, निवडून यायला निदान पाच मतं लागतात, आणि काम झालं की मतपत्रिका नष्ट करतात. म्हणजे कुणी कुणाला मत दिलं हे जनतेला कधी कळतसुद्धा नाही. आणि मेसेज म्हणतो, जनता निवडते!

त्यातही ही 'निवडणूक' कशी, तर आपल्याकडच्या भिशीसारखी. सभासद ठरलेले, नंबर ठरलेले, बाहेरच्यानं येऊन 'या खेपेला मला द्या' म्हणायची सोय नाही. १९५७ ला मलाया, म्हणजे मलेशियाचं आधीचं रूप, स्वतंत्र झाला तेव्हा सुरुवात नेगरी सेंबिलानच्या राजापासून झाली. मग सेलांगोर, पर्लिस, तेरेंगानू, केदाह, केलंतान, पहांग, जोहोर, पेराक. नऊ संपले १९९४ मध्ये, आणि पुन्हा पहिल्यापासून त्याच क्रमानं सुरू. आज जोहोरचे सुलतान इब्राहिम गादीवर आहेत, ३१ जानेवारी २०२४ पासून. क्रमानं पुढचा नंबर पेराकचा. ज्या निवडणुकीचा निकाल इतकी वर्षं आधी सांगता येतो, तिच्या नावानं आत्या आपलं मत सोडायला निघाली आहे.

बरं, मत अगदीच नावापुरतं असतं असंही नाही, एवढं मान्य करतो. अल्पवयीन राजाचा विचार होत नाही. राजा स्वतः नको म्हणू शकतो. आणि शरीरानं, मनानं किंवा इतर कारणानं तो योग्य नाही असं पाच जणांनी ठरवलं तर त्याचा नंबर हुकतो. १९५७ मध्येच असं घडलं. ज्येष्ठतेनं पहिले होते जोहोरचे सुलतान, त्यांनी वय झालं म्हणून नकार दिला. त्यांच्यामागचे पहांगचे सुलतान, त्यांना पुरेशी मतं पडली नाहीत. म्हणून मान नेगरी सेंबिलानकडे गेला. पण हे सगळं त्या नऊ जणांच्या बंद दाराआड.

'सामान्य घरातला माणूस' हा मुद्दा वरच्या हिशेबातच मेला. अगोंग व्हायला आधी नवांपैकी एका गादीवर असावं लागतं, आणि तिथं जन्मानंच पोचता येतं. आजवर १७ कारकिर्दी झाल्या, माणसं १६, कारण केदाहचे अब्दुल हलीम दोनदा बसले: १९७० ते १९७५ आणि पुन्हा २०११ ते २०१६. या सोळांत बाई एकही नाही. 'एका घराण्याची मक्तेदारी संपली' असंही मेसेजात कुठंतरी आहे. खरं आहे, एकाची संपली. नवांची आहे.

या सगळ्यात मला खरोखर आवडलेली गोष्ट मेसेजात नाही, ती म्हणजे नेगरी सेंबिलान. सुमात्राहून आलेल्या मिनांगकाबाउ लोकांचा हा मुलूख. १७७३ मध्ये तिथल्या सरदारांनी सुमात्रातल्या पागारुयुंगहून राजा बोलावून आणला. आजही तिथं राजा मेला की थोरला मुलगा आपोआप बसत नाही. सुंगाई उजोंग, जेलेबू, जोहोल आणि रेम्बाऊ या चार भागांचे 'उंदांग' नावाचे प्रमुख राजघराण्यातल्या पुरुषांपैकी एक निवडतात. आणि हे उंदांग ज्या रिवाजात बसतात तो मातृवंशाचा, कूळ आईकडून चालतं. राजाचा वंश बापाकडून, त्याला निवडणाऱ्यांचा आईकडून. भाच्या, वहीत उतरवायचं तर हे उतरव. पण इथंही मतं चारच.

आता पगार. घटनेच्या कलम ३५ नुसार राजाच्या खर्चाची रक्कम संसद कायद्यानं ठरवते. संपला विषय.

२०१९. केलंतानचे सुलतान मुहम्मद पाचवे ६ जानेवारी २०१९ ला पाच वर्षं पुरी व्हायच्या आत पायउतार झाले. कार्यकाळ अर्धवट टाकून राजीनामा देणारे ते पहिलेच. त्यांनी परिषदेला पत्र दिलं, घटनेत तशी तरतूद आहे. काढून टाकायचा अधिकार घटनेनं दिलाय तोही राजांच्या परिषदेलाच. जनता यात कुठं आली?

मेसेजात अर्धं खरं एकच वाक्य आहे, की 'राजालाही कोर्टात उभं राहावं लागतं'. १९९३ पर्यंत अजिबात नव्हतं. १९९२ च्या शेवटी जोहोरच्या तेव्हाच्या सुलतानांवर एका हॉकी प्रशिक्षकाला मारहाण केल्याचा आरोप झाला, मोठा गदारोळ उठला, आणि १९९३ मध्ये संसदेनं घटना बदलून राजांचं संरक्षण काढलं. आता खटला चालू शकतो, पण तो खास न्यायालयात आणि महाधिवक्त्याच्या संमतीनंच. त्या न्यायालयाच्या पाच जणांपैकी दोघं राजांच्या परिषदेनं नेमलेले. अर्धे गुण देतो, जास्त नाही. आणि हेही बघा, राजांना कायद्याखाली आणलं कुणी? मतं मागून निवडून आलेल्या संसदेनं.

राहिला तो सगळ्यात विषारी मुद्दा: राजा आहे म्हणून भ्रष्टाचार नाही. हा मजकूर ज्यानं लिहिला त्यानं मलेशियाविषयी एकही बातमी वाचलेली नसावी. वन-एमडीबी हा सरकारी निधी तिथलाच. त्यातून साडेचार अब्ज डॉलरहून जास्त पैसा गायब झाला, असं अमेरिकेच्या न्याय खात्यानं म्हटलं. जगातल्या मोठ्या आर्थिक घोटाळ्यांत त्याची गणना होते. निधी उभारला पंतप्रधान नजीब रझाक यांनी. हे सगळं चालू होतं तेव्हा गादीवर कोण होतं? ठरलेल्या क्रमानं आलेले राजेच. त्यांनी थांबवलं का? नाही. थांबवलं ते ९ मे २०१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीनं. स्वातंत्र्यापासून सलग सत्तेत असलेली नजीब यांची आघाडी लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा घरी बसवली. त्यानंतर खटले उभे राहिले. २०२० मध्ये नजीबना १२ वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते तुरुंगात गेले.

आणि राजानं काय केलं, तर हे केलं. २९ जानेवारी २०२४ ला माफी मंडळाची बैठक झाली. मंडळाचे अध्यक्ष स्वतः अगोंग, तेव्हाचे पहांगचे सुलतान. त्यांचा कार्यकाळ दुसऱ्या दिवशी संपत होता. त्या बैठकीत नजीबची शिक्षा १२ वर्षांवरून ६ वर्षांवर आली आणि दंड २१ कोटी रिंगिटवरून ५ कोटींवर. माफी देणं घटनेला धरूनच होतं, तो भाग वेगळा. पण 'राजा सगळ्यांच्या वर, म्हणून चोरी नाही' असं म्हणणाऱ्यानं ही तारीख डोळ्यांसमोर धरावी. मतदारांनी ज्याला सत्तेवरून खाली ओढलं त्याची शिक्षा राजाच्या मंडळानं निम्मी केली. यातलं कोण आत्याच्या बाजूचं, ते आत्यानंच ठरवावं.

म्हणजे मलेशियातही मतदान आहेच. खालच्या सभागृहाच्या २२२ जागांसाठी लोक रांगा लावतात, आणि ज्याच्या मागं बहुमत दिसतं त्याला राजा पंतप्रधान नेमतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कुणालाच बहुमत नव्हतं, तेव्हा राजानं चर्चा करून २४ तारखेला अन्वर इब्राहिम यांना नेमलं. तेवढ्यापुरता राजाचा उपयोग झाला, नाकारत नाही. पण राजा असला की निवडणुकीचा खर्च वाचतो हे कुणी सांगितलं? त्यांचे दोन्ही खर्च चालू आहेत. आणि चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज येणं-जाणं असलेल्या सोलापूरकरानं 'मत नको, राजा द्या' असा मेसेज पुढं ढकलावा, याला काय म्हणायचं ते मी इथं लिहीत नाही. ग्रुपात लहान पोरं आहेत.

चोलांचं मात्र सांगायला हवं, कारण भाचा त्यावरच अडून बसलाय. राजेंद्र चोलानं १०२५ च्या सुमारास श्रीविजय या सुमात्रातल्या राज्यावर आरमार नेलं, त्यात कडारम, म्हणजे आजचा केदाह, जिंकल्याचं त्याचे शिलालेख सांगतात. मोहीम खरी. पण जिंकणं वेगळं आणि निवडणूक शिकवणं वेगळं. खुद्द चोलांकडे गादी घराण्यातच: राजराजानंतर त्याचा मुलगा राजेंद्र. मेसेजवाल्यानं बहुतेक तमिळनाडूतल्या उत्तरमेरूर गावचा शिलालेख अर्धवट ऐकलाय. दहाव्या शतकातल्या त्या लेखात निवड आहे, पण ती गावच्या समित्यांची. जमीन, वय, शिक्षण अशा अटी, नावं ताडपत्रावर लिहून मडक्यात टाकायची आणि चिठ्ठी काढायची. राजाचं नाव त्या मडक्यात कधी पडलं नाही.

भारतात राजा निवडल्याची आठवण आहे, ती बंगालची. आठव्या शतकात माजलेली बेबंदशाही संपावी म्हणून लोकांनी गोपाळाला राजा केलं, असं खालिमपूरचा ताम्रपट सांगतो. तो ताम्रपट काढला धर्मपालानं. धर्मपाल गोपाळाचा मुलगा. निवडणूक एकदाच झाली, पुढं पाल घराणं.

आणि मलेशियाच्या घटनेत भारतीय हात दाखवायचाच असेल तर त्यासाठी हजार वर्षं मागं जायची गरज नाही. स्वतंत्र मलायाच्या घटनेचा आराखडा सुचवणाऱ्या १९५६-५७ च्या रीड आयोगात पाच सदस्य होते. त्यातले एक अलाहाबाद उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश बी. मलिक. मेसेजात राजेंद्र चोलाऐवजी हे नाव असतं तर त्या एका ओळीपुरता तरी मी गप्प बसलो असतो.