स्क्रमकॅप मेंदूला वाचवत नाही

रग्बी खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना धीर देणारा एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. स्क्रमकॅप, म्हणजे मऊ पॅडची टोपी, घातली की डोकं सुरक्षित. शुद्ध हरपली नाही आणि स्कॅन नॉर्मल आला, तर कन्कशन, म्हणजे हिसक्याने मेंदूच्या कामात होणारा बिघाड, झालेलंच नाही. डोकेदुखी थांबली की दोन दिवसांत मैदानात उतरायला हरकत नाही. मार बसतो तो ज्याला पाडतात त्याला, पाडणाऱ्याला नाही. माजी खेळाडूंच्या स्मृतिभ्रंशाच्या बातम्या ही नुकसानभरपाईसाठी उठवलेली आवई आहे. आणि शेवटी, टक्कर हाच या खेळाचा प्राण असल्यामुळे बदलण्यासारखं काही नाही.

मला हा खेळ मनापासून आवडतो, आणि म्हणूनच हा मजकूर खोडून काढायला हवा असं वाटतं. यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यामुळे एखादं मूल चुकीच्या वेळी मैदानात राहू शकतं.

टोपीपासूनच सुरुवात करू, कारण पालक पैसे तिथेच खर्च करतात. स्क्रमकॅप मुळात कानांसाठी आली. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू वाकून एकमेकांना रेटतात तेव्हा, डोकी एकमेकांवर घासून कान सुजतात, त्यात रक्त साकळतं आणि ते कायमचे वेडेवाकडे होतात. ते टाळायला आणि टाळूवरच्या जखमा कमी करायला ही टोपी उपयोगी आहे, हे मान्य. पण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिच्यातला फोम साधारण १० मिलिमीटर जाडीचाच असू शकतो, आणि तोही मऊ. शिवाय फोम जाड असता तरी मूळ अडचण सुटत नाही. कन्कशन कवटीला बसलेल्या ठोक्यामुळे होतं त्यापेक्षा डोकं झटक्यात थांबल्यामुळे किंवा गर्रकन वळल्यामुळे अधिक होतं. घागरीला बाहेरून गोधडी गुंडाळली, तरी तिला हिसका दिल्यावर आतलं पाणी हिंदकळायचं थांबत नाही. मेंदूत त्या हिसक्याने मज्जातंतू ताणले जातात. म्हणून तर डोक्याला थेट काही न लागता, छातीवर जोरदार धडक बसूनसुद्धा कन्कशन होऊ शकतं.

हा नुसता तर्क नाही. ऑस्ट्रेलियात वेगवेगळ्या कुमार आणि तरुण गटांतल्या चार हजारांहून अधिक खेळाडूंवर याची रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही संघांना नेहमीची टोपी दिली, काहींना अधिक जाड, काहींना काहीच नाही. कन्कशनच्या प्रमाणात फरक पडला नाही. जाड टोपीनेही नाही. यावर कुणी म्हणेल, घातली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते मुलाच्या मनात. आपलं डोकं झाकलेलं आहे या भरवशावर ते टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडताना, डोकं पुढे घालायला धजावतं, आणि बाहेर उभे असलेले आईवडीलही निश्चिंत होतात. टोपी खुशाल घ्या, पण कानांसाठी घ्या.

स्कॅनबद्दल थोडक्यात. सीटी स्कॅन कवटीचं हाड मोडलंय का, आत रक्तस्राव आहे का, हे दाखवतो. त्यासाठी तो महत्त्वाचा आहे आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर टाळू नये. कन्कशन मात्र त्यात दिसत नाही, कारण बिघाड पेशींच्या कामकाजात असतो. शुद्ध हरपणं तर दहातल्या एखाद्या कन्कशनमध्येच घडतं. बाकीच्यांत मूल उभं असतं, बोलत असतं, फक्त कुठल्या बाजूला खेळायचं ते विसरतं, एकच प्रश्न पुन्हा विचारतं, त्याला मळमळतं, उजेड सोसत नाही, ते विनाकारण चिडतं किंवा रडतं. काही लक्षणं दुसऱ्या दिवशी वर येतात. सामना संपल्यावर "मी ठीक आहे" असं म्हणणाऱ्या मुलाच्या शब्दावर म्हणूनच विसंबता येत नाही. खोटं बोलण्याचा त्याचा हेतू नसतो. स्वतःची अवस्था ओळखणारा अवयवच त्या क्षणी दुखावलेला असतो.

आता दोन दिवसांच्या विश्रांतीचा सल्ला. या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. हिसका बसल्यावर मेंदूच्या पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि हा समतोल परत आणायला पेशींना एकाएकी जास्त ऊर्जा लागते. नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. ही तूट भरून निघायला दिवस लागतात, आठवडेही लागतात, आणि डोकेदुखी थांबणं म्हणजे ती भरून निघाली असं नव्हे. या काळात दुसरा धक्का बसला तर तो पहिल्यापेक्षा हलका असूनही फार महागात पडू शकतो. क्वचित प्रसंगी, आणि विशेषतः कुमारवयात, मेंदूला अनावर सूज येते. डॉक्टर त्याला सेकंड इम्पॅक्ट सिंड्रोम म्हणतात. त्यातून वाचलेली मुलं थोडी आहेत.

कॅनडातली रोवन स्ट्रिंगर १७ वर्षांची होती, ओटावाच्या तिच्या शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार. मे २०१३ मध्ये काही दिवसांच्या आत तिच्या डोक्याला एकापाठोपाठ मार बसले. आपल्याला कन्कशन झालं असावं असा तिला संशय आला होता, तिने इंटरनेटवर त्याबद्दल शोधलंही होतं. तरी ती पुढचा सामना खेळली. त्यात कोसळली आणि काही दिवसांनी गेली. चौकशीत समितीने ४९ शिफारशी केल्या, आणि २०१८ मध्ये ऑन्टारियो प्रांताने तिच्याच नावाने कायदा केला. संशय आला की खेळाडू मैदानाबाहेर, आणि डॉक्टरांनी मोकळं केल्याशिवाय परत नाही, हे त्याचं सार. त्या मुलीला धोका कळत नव्हता असं नाही. तिच्याऐवजी निर्णय घेणारं मोठं माणूस त्या वेळी जवळ नव्हतं.

ब्रिटनमधल्या हौशी खेळांसाठी २०२३ मध्ये आखलेल्या मार्गदर्शनानुसार कन्कशननंतर २१ दिवसांच्या आत सामना खेळता येत नाही. त्यानंतरही परतायचं ते टप्प्याटप्प्याने, लक्षणं उलटत नाहीत ना हे बघत. "पण टीव्हीवरचे खेळाडू तर पुढच्याच आठवड्यात दिसतात" हा युक्तिवाद इथे हमखास येतो. त्यांच्यामागे स्वतंत्र डॉक्टर, हंगामापूर्वी घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचण्या, सामन्याचं प्रत्येक कोनातलं चित्रीकरण आणि १२ मिनिटांची मैदानाबाहेरची तपासणी असते. ती तपासणीही एकदा करून सोडून देत नाहीत, सामन्यानंतर आणि पुढच्या दोन दिवसांत पुन्हा होते. शाळेच्या मैदानावर यातलं काहीच नसतं. तिथे एकच नियम चालतो: शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायची मात्र गरज नाही. पहिले एक-दोन दिवस आराम, मग हलकं चालणं-फिरणं, हे आता अधिक उपयोगी मानतात.

पाडणारा सुरक्षित असतो हे वाक्य वाचल्यावर मला सगळ्यात आश्चर्य वाटलं, कारण आकडे नेमके उलट आहेत. २०१३ ते २०१५ या काळातल्या व्यावसायिक सामन्यांतल्या डोक्याच्या दुखापतींच्या ६११ तपासण्या संशोधकांनी चित्रफितींसह अभ्यासल्या. त्यांतल्या ४६४, म्हणजे चारांतल्या तीन, टॅकलमधून आल्या होत्या. आणि त्या टॅकलमध्ये जवळजवळ तीन चतुर्थांश वेळा तपासणी टॅकल करणाऱ्याची झाली होती, चेंडू घेऊन धावणाऱ्याची नव्हे. ताठ उभं राहून टॅकल करणाऱ्यामुळे डोक्याला दुखापत होण्याची शक्यता कमरेत वाकलेल्यापेक्षा साधारण दीडपट निघाली. म्हणून मुलाला टॅकल शिकवताना डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं, पाठ किती वाकवायची, शेवटचं पाऊल किती जवळ टाकायचं, यावर जितका वेळ जाईल तितका थोडा. ज्या मुलाला हे नीट शिकवलेलं नाही, त्याला सामन्यात उतरवणं मला अन्याय वाटतो.

स्मृतिभ्रंशाच्या मुद्द्यावर थोडं सावकाश बोलायला हवं, कारण इथे दोन्हीकडून अतिशयोक्ती होते.

२००३ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला हूकर (स्क्रमच्या पुढच्या रांगेत मधोमध असणारा खेळाडू) स्टीव्ह थॉम्पसन याने डिसेंबर २०२० मध्ये आपल्याला अकाली स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर केलं. तो विश्वचषक जिंकल्याचंच त्याला आठवत नाही. वेल्सचा अ‍ॅलिक्स पोफम, न्यूझीलंडचा कार्ल हेमन यांचीही निदानं अशीच, चाळिशीच्या आसपास. त्यांच्यासह अनेकांनी खेळाच्या नियामक संस्थांवर दावे लावले. दावे आहेत म्हणून आजार खोटा, हा तर्क टिकत नाही. खटल्याशी काही संबंध नसलेले अभ्यास काय सांगतात ते बघा.

ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटाने स्कॉटलंडकडून खेळलेले ४१२ माजी आंतरराष्ट्रीय रग्बीपटू आणि त्यांच्याशी वय व परिस्थिती जुळणारे १,२३६ सामान्य पुरुष यांच्या आरोग्यनोंदी पडताळल्या. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. मेंदूच्या ऱ्हासाचे आजार खेळाडूंमध्ये ११ टक्क्यांहून अधिक, इतरांमध्ये ५ टक्क्यांच्या थोडं वर. जोखीम साधारण अडीचपट. ज्या मोटर न्यूरॉन आजारात स्नायूंवरचा ताबा जातो, त्याची जोखीम कित्येक पटींनी जास्त दिसली, पण तो आजार मुळातच दुर्मीळ असल्याने त्या आकड्यावर फार भार टाकू नये. दुसरी गोष्टही याच अभ्यासात आहे: हे खेळाडू सरासरीने सामान्य माणसांपेक्षा थोडे जास्तच जगले. व्यायामाचा फायदा खरा आहे. रग्बी खेळलेला प्रत्येक जण विसरभोळा होतो असं कुणी सांगत असेल तर तेही चुकीचं आहे.

२०२३ मध्ये ग्लासगो, बोस्टन आणि सिडनीच्या संशोधकांनी दान केलेल्या ३१ रग्बीपटूंच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. २१ मेंदूंत सीटीई हा आजार आढळला. हा वारंवार डोक्याला बसलेल्या धक्क्यांशी जोडला गेलेला आजार आहे आणि त्याचं खात्रीचं निदान मृत्यूनंतरच होतं. मेंदूदान बहुधा तेच करतात ज्यांना जिवंतपणी त्रास झालेला असतो, त्यामुळे तीनांतल्या दोन खेळाडूंना सीटीई होतो असा अर्थ यातून काढता येत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं निरीक्षण: खेळण्याच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे जोखीम सुमारे १४ टक्क्यांनी वाढत गेली. आणि त्या ३१ जणांत हौशी खेळाडूच जास्त होते. म्हणजे प्रश्न एखाद्या मोठ्या टकरीपुरता नाही, आयुष्यभर साठत गेलेल्या धक्क्यांचा आहे.

समाधान देणारी माहितीही आहे, ती लपवायचं कारण नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने हौशी आणि शालेय खेळाडूंना सेन्सर बसवलेले माउथगार्ड देऊन हजारो धक्के मोजले. बहुतेक धक्के, ८६ टक्के, धावताना किंवा उड्या मारताना डोक्याला बसणाऱ्या हिसक्यांइतके किंवा त्याहून कमी निघाले. उरलेल्या १४ टक्क्यांकडे लक्ष द्यायचं आहे. त्यांतले किती टाळता येतात?

बरेच. मजकुरातलं "बदलण्यासारखं काही नाही" हे वाक्य इथेच कोसळतं. न्यूझीलंडने २००१ मध्ये प्रशिक्षक आणि पंचांसाठी रग्बीस्मार्ट प्रशिक्षण सक्तीचं केलं. पुढच्या पाच वर्षांत स्क्रममुळे कायमचं अपंगत्व आणणाऱ्या मणक्याच्या दुखापती आधीच्या कलानुसार नऊ होतील असा अंदाज होता. झाली एक. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाने अ‍ॅक्टिव्हेट नावाचा वॉर्म-अप तयार केला. त्यात तोल, पायांची ताकद, उडी मारून नीट उतरणं आणि मानेचे व्यायाम आहेत, वेळ जेमतेम २० मिनिटं. शाळकरी संघांवरच्या चाचणीत आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा तो करणाऱ्यांत कन्कशनचं प्रमाण ५९ टक्क्यांनी कमी दिसलं. आठवड्यातून एकदा उरकणाऱ्यांना हा लाभ मिळाला नाही, हे प्रशिक्षकांनी लक्षात ठेवावं.

सगळे प्रयोग यशस्वी झाले असंही नाही. २०१८-१९ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या चषक स्पर्धेत टॅकलची उंची काखेपर्यंत खाली आणली. उंच टॅकल घटले, तरी कन्कशन घटले नाहीत, कारण दोन्ही खेळाडू एकाच वेळी वाकू लागले आणि डोकी एकमेकांजवळ आली. प्रयोग मध्येच थांबवला. मला यात संशोधनाचा प्रामाणिकपणा दिसतो. नुसती रेषा खाली आणून भागत नाही, चेंडू घेऊन धावणाऱ्यालाही वेगळं शिकवावं लागतं. त्यानंतर २०२३ पासून इंग्लंडच्या हौशी रग्बीत टॅकल छातीच्या हाडाखालीच करायचा नियम आला, आणि फ्रान्सने तर २०१९ पासूनच हौशी खेळात तो कमरेपर्यंत उतरवायला सुरुवात केली होती.

सरावाबद्दल बोललंच पाहिजे, कारण तिथला प्रत्येक धक्का टाळता येण्याजोगा असतो. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक नियामक संस्थेने २०२१ मध्ये व्यावसायिक संघांना सांगितलं की पूर्ण जोराचा संपर्क आठवड्याला १५ मिनिटांच्या वर जाऊ नये. ही मर्यादा तयार शरीराच्या, पगारी खेळाडूंसाठी आहे. मग १३ वर्षांच्या मुलांना रोज संध्याकाळी एकमेकांवर आदळवणाऱ्या सरावाला कोणता आधार आहे?

मुंबईत या खेळाची परंपरा जुनी आहे, बॉम्बे जिमखान्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेलाय. जून २०२५ मध्ये अंधेरीत पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली आणि आता नवी मुलं येतील. त्यांच्या पालकांनी टोपीचा ब्रँड विचारण्याआधी प्रशिक्षकांना चार गोष्टी विचाराव्यात. आठवड्यात पूर्ण संपर्काचा सराव किती मिनिटं होतो? टॅकल कोण शिकवतं आणि किती दिवस शिकवल्यावर सामन्यात उतरवतात? डोक्याला मार बसल्याची शंका आली तर मुलाला बाहेर काढायचा अधिकार कुणाचा, आणि अंतिम सामन्यातही तो चालतो का? मागच्या हंगामात असं कुणाला बाहेर काढलं होतं का? कन्कशन ओळखण्याचे आणि अ‍ॅक्टिव्हेटचे धडे वर्ल्ड रग्बीने ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. ते न केलेल्या प्रशिक्षकाकडे पैसे नव्हते ही सबब चालत नाही.